रडला का?

सिडनीतल्या आमच्या गिरावीनमध्ये नवीन मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं’ आणि दुसरा ‘कंपनी कुठली’. उत्तरंही ठरलेली असतात. पुणं नाहीतर ठाणं, आणि पुढे एखाद्या बँकेचं नाहीतर सॉफ्टवेअर कंपनीचं नाव. बाळ खोपकर मात्र दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचा आणि समोरच्याच्या हातातला चहा तसाच राहायचा. “मी मृत्युलेख लिहितो,” तो म्हणायचा. “जिवंत माणसांचे.”

हल्ली तो हे सांगत नाही. हल्ली तो कॅसल हिलच्या पुढे एका नर्सरीत रोपं विकतो आणि फोन वाजला की दचकतो. लोकांच्या तोंडाला काय, कुलूप नसतं. नोकरीवरून काढला म्हणे, डोक्यावर परिणाम झाला म्हणे. ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी वीणा. बाळच्या शेजारच्या घरात राहते, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते, आणि जे झालं त्यातलं महत्त्वाचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. तेव्हा मीच सांगते.

बाळ मूळचा अलिबागचा. पत्रकारिता शिकायला सिडनीच्या युनिव्हर्सिटीत आला, शिकता शिकता एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात चिकटला आणि तिथेच राहिला. लग्न नाही. “जमलं नाही,” असं तो म्हणायचा, आणि वासंतीकाकू, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून “जमवलं नाहीस” अशी दुरुस्ती करायच्या. वडील गेल्यावर त्याने काकूंना इकडे आणलं. माणूस इतका मऊ, की कुणी पत्ता विचारला तर त्याला दारापर्यंत पोचवून यायचा. समोरच्याला वाईट वाटेल असं एक वाक्य त्याच्या तोंडून निघणं कठीण. मंडळाच्या नाटकात ज्यांना बिलकूल अभिनय येत नाही त्यांनाही तो “छान झालं हं” म्हणायचा, आणि ती माणसं दुसऱ्या वर्षी पुन्हा उभी राहायची. मी त्याच्यावर चिडायचे. तो हसायचा.

त्याचं काम समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. राजे, पुढारी, नट, अशा मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रं आधीच लिहून ठेवतात, लोणचं घालून ठेवावं तसे. अधूनमधून काढून बघायचे, काही नवीन घडलं असेल तर भर टाकायची. माणूस गेला की दिवस आणि कारण घातलं की लेख तयार. लंडनला रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो, म्हणून लंडनच्या पेपराचं रात्रीचं हे काम सिडनीतून चालायचं आणि ते बाळकडे होतं. बहुतेक दिवस तो घरूनच करायचा, पुढच्या खोलीत, दार उघडं टाकून. त्या कामाचे दोन नियम. ज्याच्यावर लेख लिहिला आहे त्याला ते कधीच कळू द्यायचं नाही. आणि मेल्याची बातमी कुठूनही येवो, आधी घरच्या माणसाला फोन करून विचारायचं, मगच छापायचं. बाळने दुसरा नियम कधी मोडला नव्हता. त्याच्या हातून जिवंत माणूस कधी छापला गेला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

आता मालकांविषयी. लंडनचा पेपर आणि सिडनीचा पेपर, दोन्ही वेक्सबरी घराण्याचे. इंग्लंडमधलं सरदार घराणं. गावंच्या गावं मालकीची, स्वतःचं जंगल, स्वतःचं तळं, तळ्याकाठी थोरला वाडा. आपल्याकडची संस्थानं खालसा झाली. या लोकांनी काळ ओळखून आपलं संस्थान छापखान्यात हलवलं. प्रत्येक पिढीत एक जण पार्लमेंटात जाणार आणि एक जण पेपर चालवणार, म्हणजे एकाने करायचं आणि दुसऱ्याने ‘वा’ म्हणायचं. सध्याचा म्हातारा लॉर्ड अंथरुणाला खिळलेला, माणसं ओळखत नाही. त्याला दोन मुलं. ह्यूगो मंत्री आहे आणि पंतप्रधान व्हायला टपलेला आहे. धाकटी फ्लोरा, लेडी फ्लोरा म्हणायचं, सिडनीत राहून इकडचा पेपर चालवायची.

म्हाताऱ्याने शुद्धीत असताना पेपरांची मालकी दोघांत अर्धी अर्धी वाटली होती. फ्लोराची सही असल्याशिवाय ह्यूगोला काही करता येत नव्हतं, आणि फ्लोरा सांगायची की मी माझ्या पेपरात भावाचा ढोल बडवू देणार नाही. यावरून त्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. तिने लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर तिचा वाटा भावाकडेच जाणार, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. बाळनेच मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

फ्लोराविषयी मला आधी राग होता. लॉर्डाची पोर, आपल्या गरीब माणसाकडून राबवून घेते, असं वाटायचं. पण काकूंना न्यूमोनिया झाला तेव्हा ती स्वतः गाडी चालवत वेस्टमीडला आली आणि कार पार्कमध्ये जागा मिळेना म्हणून अर्धा तास चकरा मारत राहिली. पन्नाशीची उंच बाई, केस कसेतरी बांधलेले, बुटांना समुद्राची वाळू. दर रविवारी हार्बरमध्ये एकटी शिडाची बोट घेऊन जायची. काकूंच्या उशाशी बसून तिने त्यांचा हात हातात धरला आणि दोघी एकमेकींच्या भाषेतलं अक्षर न कळता बराच वेळ बोलत बसल्या. लंडनने बाळचं काम बंद करायचं ठरवलं होतं, ते हिनेच अडवलं होतं. त्या दिवसापासून माझा राग गेला.

गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, बाळ माझ्याकडे कढीलिंब न्यायला आला आणि नेहमीसारखा बसला नाही. दारातच पानं खुडत उभा राहिला.

“लंडनहून एक लेख लिहून ठेवायला सांगितलाय,” तो म्हणाला. “फ्लोराचा.”

“कोणी सांगितलं?”

“ह्यूगोच्या ऑफिसातून आलं. लवकर हवाय म्हणे.”

“बाळ, ती धडधाकट बाई आहे. बोटी हाकते.”

“अगं, मोठ्या लोकांचे लिहूनच ठेवतात. रूटीन असतं.”

“मग ह्यूगोचा लिहून ठेवलायस?”

त्याने खुडलेली पानं खिशात कोंबली. मग म्हणाला, “तो लिहायला कुणी सांगितलं नाहीये.”

नियम म्हणून त्याने फ्लोराला काही सांगितलं नाही. लेख लिहिला, चांगला लिहिला असणार, आणि पाठवून दिला. त्यानंतर तो तिच्याशी फोनवर बोलताना मी पाहिला. पायाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा खाली बघून बोलायचा.

सप्टेंबरात गणपती आले. आमचं मंडळ गिरावीनच्या हॉलमध्ये दीड दिवसाचा गणपती बसवतं, आणि त्या वर्षी बाळच्या आमंत्रणावरून फ्लोरा पाहुणी म्हणून आली. मंडळी अशी काही हरखली की विचारू नका. अध्यक्षांनी सूट चढवला, भाषणात लॉर्ड हा शब्द इतक्या वेळा आला की गणपतीचं नाव मागे पडलं. फ्लोरा मात्र चपला काढून सतरंजीवर बसली, हाताने उकडीचा मोदक खाल्ला, तूप मनगटावर ओघळलं ते चाटलं. शाल आणि नारळ घेतला. मग आम्ही तिला गाडीपर्यंत सोडायला निघालो. बाळ, काकू, मी आणि माझी मुलगी नुपूर.

सप्टेंबर म्हणजे इकडे वसंत, आणि मॅगपायच्या पिल्लांचा काळ. कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी. या दिवसांत घरट्याजवळून कुणी गेलं की मागून झेप घेतो. सायकलवाले हेल्मेटवर प्लॅस्टिकचे काटे उभे करून हिंडतात, पोस्टमन छत्री धरतो. कार पार्कच्या कडेला मोठं गमट्रीचं झाड आहे, निलगिरीच्या जातीचं. आम्ही पाच जण होतो, पण तो पक्षी बाकी सगळ्यांना सोडून फ्लोराच्या डोक्यावर आला. पंखांचा फडफडाट झाला आणि ती खाली वाकली. पुन्हा आला. तिने डोक्याला हात लावला तर बोटांना रक्त.

“कावळा शिवला!” काकू किंचाळल्या. त्यांच्या हातातलं प्रसादाचं ताट पडलं.

“आजी, रिलॅक्स,” नुपूर म्हणाली. “मॅगपाय इज नॉट इव्हन अ क्रो.”

“काळा आहे ना? डोक्याला शिवला ना? मग नाव काही का असेना.” काकूंनी बाळचा दंड धरला. “बाळ, हिच्या घरी कळव. आत्ताच्या आत्ता कळव.”

फ्लोरा शालीच्या टोकाने रक्त टिपत होती. तिने बाळला विचारलं, “आई काय म्हणतायत?”

बाळने टाळायला बघितलं, पण ती ऐकेना. शेवटी त्याने सांगितलं. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं असं जुनी माणसं मानतात. त्यावर तोडगा म्हणून जवळच्या नातेवाइकाला तो माणूस मेल्याची खोटी बातमी कळवतात. नातेवाईक रडतो. तो रडला की मरणाला वाटतं आपलं काम झालं, ते निघून जातं. मग थोड्या वेळाने खरं कळवायचं.

“रक्ताचं माणूस रडावं लागतं,” काकूंनी मराठीत जोडलं. “खरं रडावं लागतं. ह्याच्या बाबांना शिवला तेव्हा सगळे हसले. तेही हसले. दसरा बघितला नाही त्यांनी.”

बाळने तेही सांगितलं. फ्लोरा ऐकत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर गंमत होती, ती हळूहळू गेली.

“म्हणजे माझी पंचाईत आहे,” ती म्हणाली. “वडिलांना आता काही कळत नाही. रक्ताचा म्हणून एकटा ह्यूगो उरला.” ती झाडाकडे बघत होती. पक्षी वरच्या फांदीवर बसून आमच्याकडेच बघत होता. “कर ना त्याला फोन, बाळ. मलाही बघायचंय.”

बाळ हसला. ती हसली नाही. गाडीत बसल्यावर काच खाली करून तिने पुन्हा सांगितलं, “कर हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोदकांचा रिकामा डबा द्यायला गेले तर घरात वेगळंच नाटक. काकूंनी कालपासून तोंडात काही घातलं नव्हतं. चहाचा कप त्यांच्यापुढे साय धरून पडला होता.

“मुलाच्या हातात फोन आहे, नंबर आहे, आणि त्याला लाज वाटते,” त्या मला म्हणाल्या. “ती माझ्या उशाशी बसली होती, वीणा. तिचं मी काय देणं लागते ते मला ठाऊक आहे.”

मी स्वतः लॅबमधली बाई. रक्ताच्या नळ्या बघून रोगाचं नाव सांगणारी. पण त्या सकाळी मला त्या तोडग्याची थट्टा करावीशी वाटली नाही. कढीलिंबाच्या दिवसापासून माझ्याही मनात काहीतरी बसलं होतं. मी बाळला म्हटलं, “कर. तिनेच सांगितलंय. आणि अफवा आली की घरी फोन करायचा, हा तुमचा नियमच आहे ना? कोण काय बोलणार?”

त्याने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. तिकडे रात्र होती, पण पार्टी चाललेली असावी. मागे हसणं, ग्लासांचा आवाज.

“सर, सिडनी डेस्कवरून बाळ खोपकर बोलतोय,” बाळ म्हणाला. पुढचं त्याने ठरवलं नव्हतं, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. कारण तर द्यायला हवं होतं. “वाईट बातमी आहे. लेडी फ्लोरा... बोट उलटली असं कळतंय. त्यात त्या गेल्या. घरून खात्री करायची म्हणून फोन केला.”

 पलीकडून ह्यूगोचा आवाज आला. टीव्हीवर ऐकला होता तोच, ऐकत राहावासा.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“सध्या मलाच, सर.”

“छान. तसंच राहू दे.” मागचं हसणं चालूच होतं. तो जागचा उठलासुद्धा नव्हता. “तिच्यावरचा लेख तयार आहे ना?”

“आहे, सर.”

“मी सांगेन तेव्हा छापायला लाव. तिच्या ऑफिसातून कुणी काही मागितलं तर द्यायचं नाही. आणि नक्की आहे ना? म्हणजे, सापडली का ती?”

बाळ माझ्याकडे बघू लागला. मी नाही अशी मान हलवली. “अजून नाही, सर,” तो म्हणाला.

“सापडली की मला सांग.” फोन बंद.

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, “रडला का रे?”

 थोड्या वेळाने बाळने पुन्हा फोन लावला. बातमी खोटी निघाली, सर, पक्ष्याने चोच मारली एवढंच, त्याचं काहीतरी भलतंच झालं, माफ करा. पलीकडे ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ह्यूगो मोकळेपणाने हसला, केवढा जीव भांड्यात पडला म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “तुझं नाव काय म्हणालास?”

बाळने सांगितलं.

“रडला का, विचारते मी,” काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अगं आई, ती लंडनची माणसं. आतल्या आत रडतात.”

“आतल्या आत रडलेलं चालत नाही,” काकू म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप उचलला आणि सिंकमध्ये ओतून टाकला.

आर्वोला, म्हणजे इकडच्या बोलीत दुपारी, फ्लोराचा फोन आला. मी अजून तिथेच होते, माझी शिफ्ट दुसऱ्या दिवशी होती. “केलास?” तिने विचारलं. तिचा आवाज हलका होता, मुद्दाम हलका ठेवलेला.

“केला.”

“मग? रडला?”

बाळने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय आलं ते मी ओळखलं आणि जोरजोरात मान हलवली. नको. नाही. सांग तिला. पण मी मघाशी सांगितलं ना, समोरच्याला वाईट वाटेल असं वाक्य त्या माणसाच्या घशातून बाहेर येत नाही.

“रडले,” तो म्हणाला. “खूप रडले. त्यांना बोलता येईना.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पन्नाशीची ती बाई रडत होती. “थँक यू, बाळ,” एवढंच म्हणाली.

मी त्याला इतकं बोलले की काकू मध्ये पडल्या. मूर्खा, तिला जे कळायला हवं होतं तेच तू झाकलंस. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “भाऊ रडला नाही हे मी बहिणीला कसं सांगू गं? तिला दुसरं कोण आहे?”

“तो नुसता रडला नाही एवढंच नाहीये, बाळ. सापडली का, असं विचारलं त्याने.”

“सांगेन. दसरा होऊ दे.”

दसरा झाला. मग ती मेलबर्नला गेली आहे, आली की सांगेन. मग आता तिचा मूड छान आहे, जरा थांबू. तिचा मूड छान असायला कारण होतं. तिने स्वतः होऊन भावाला फोन केला होता. तू माझ्यासाठी रडलास म्हणे, असं विचारलं होतं. आणि तो म्हणाला, हो, रडलो. का नाही म्हणेल? आयती संधी बाळने त्याच्या हातात नेऊन दिली होती. आता दर आठवड्याला भावाबहिणीचे फोन होऊ लागले. ह्यूगो लहानपणच्या आठवणी काढायचा. वाडा, तळं, दोघांनी मिळून रंगवलेली होडी. ये ना घरी, म्हणायचा.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी फ्लोरा काकूंकडे आली. भाऊबीज म्हणजे काय ते तिला बाळकडून कळलं होतं आणि तिने मनावर घेतलं होतं. लंडनला जाणार, वाड्यावर राहणार, भाऊबीजेला ह्यूगोला ओवाळणार. काकूंनी तिला पाटावर बसवून शिकवलं. आधी कुंकू, मग अक्षता, मग निरांजन, उजवीकडून असं फिरवायचं. आपल्या माहेरचं पितळी निरांजन त्यांनी तिला दिलं. फ्लोराने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. मला ते बघवेना.

“लेडी फ्लोरा,” मी म्हणाले. “जाऊ नका. तो रडला नव्हता. मी इथे होते, स्पीकरवर ऐकलं. त्याने विचारलं, कुणाला माहीत आहे. विचारलं, लेख तयार आहे ना. तुमच्यावरचा लेख त्यानेच आधी लिहून घेतलाय.”

 काकूंना इंग्रजी कळत नव्हतं, तरी त्यांचा हात ताम्हनावर थांबला. फ्लोरा माझ्याकडे बघत होती. मग ती बाळकडे वळली.

“बाळ?”

मी आजही त्या क्षणाशी येऊन अडकते. एक शब्द पुरला असता. त्याने कुंकवाचा करंडा उचलून पुन्हा खाली ठेवला. खोटं पकडलं गेल्याची शरम, नियम मोडल्याची शरम, आणि समोर ती बाई, गेले कित्येक दिवस भाऊ परत मिळाला म्हणून सुखात असलेली.

“वीणा स्वयंपाकघरात होती,” तो म्हणाला. “तिला नीट ऐकू आलं नसेल. आणि लेख तर सगळ्यांचेच असतात.”

फ्लोराने सुस्कारा सोडला. माझ्या दंडावर हात ठेवला, अगदी मायेने. “तुम्ही काळजीपोटी म्हणालात, मला कळतंय,” ती मला म्हणाली. “पण बाळ कधी चुकत नाही. त्याच्याकडून आजवर एक बातमी खोटी गेली नाही, ठाऊक आहे ना?” मग ती काकूंच्या पाया पडली, जशी शिकवली होती तशी, जरा वाकडी, आणि गेली. काकूंनी दारातून तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. बाळ आत जाऊन पडून राहिला.

भाऊबीज आली. बाळला बहीण नाही, म्हणून इकडे आल्यापासून मीच त्याला ओवाळते. त्या वर्षी जाऊ नये असं मनात होतं. त्या शनिवारपासून मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. पण काकूंनी बोलावलं, आणि सणाला रुसून बसणं मला जमत नाही. सकाळीच गेले. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. बाळ न्हाऊन बसला होता. तिकडे लंडनला अजून आदली रात्र होती, भाऊबीज उजाडायची होती. आज ती ओवाळेल ह्यूगोला, असं काकू म्हणाल्या. मी कुंकू लावलं. अक्षता लावल्या. निरांजन उचललं तेवढ्यात पुढच्या खोलीत त्याच्या कॉम्प्युटरने आवाज केला, लंडनचा निरोप आला की करायचा तो.

तो उठून गेला. मी ताम्हन हातात घेऊन मागे गेले. निरोप एका ओळीचा होता. लेडी फ्लोराचा लेख लावा. कारण, वाड्यावरच्या तळ्यात होडी उलटली.

बोट हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला होता ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. बाळ खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. कपाळावरचं ओलं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. मी म्हटलं, “लावू नकोस.” काय म्हणायचं होतं मला कोण जाणे. जणू त्याने लावला नाही तर ती गेलेली नसणार होती.

“आधी घरी विचारायचं,” तो म्हणाला. “नियम आहे.”

त्याने फोन लावला आणि त्याच टेबलावर ठेवला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. बाळने नाव सांगितलं, डेस्क सांगितलं, बातमी खरी का म्हणून विचारलं.

पलीकडून हुंदका आला. मग दुसरा. मग ह्यूगो वेक्सबरी मोठमोठ्याने रडू लागला. शब्द फुटेना, श्वास लागला, नाव घेत होता, फ्लोरा, फ्लोरा. या वेळी मागे कुणी हसत नव्हतं. इतकं छान रडणं मी कुणाचं ऐकलं नाही. बाळ ऐकत उभा राहिला. माझ्या हातातल्या निरांजनाची वात चरचरून विझली.

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, “कोण रे? ह्यूगो का? रडतोय का तो?”

“हो आई,” बाळ म्हणाला. “आता रडतोय.”